युरोपातील छोटा प्रवास : रेल्वे की विमान?

पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांची संख्या मोठी आहे. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलेले आईवडील वा भावंडे तीन-चार दिवसांत पॅरिसही पाहून यावे, असा बेत हमखास आखतात. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो, तो रेल्वेने जावे की विमानाने हा. केवळ तिकिटाचा दर पाहून याचे उत्तर शोधल्यास फसगत होण्याचा संभव असतो.

वेळेचा हिशेब

लंडन आणि पॅरिस यांना जोडणारी युरोस्टार गाडी १४ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली. इंग्लिश खाडीखालील सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ती जाते. यातील सुमारे ३८ किलोमीटर भाग समुद्रतळाखाली आहे. ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग गाठणारी ही गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकात साधारण सव्वादोन तासांत पोहोचते. तपासणीसाठी तास-दीड तास आधी जावे लागते. म्हणजे एकूण सव्वातीन ते पावणेचार तासांत प्रवासी थेट शहराच्या मध्यभागी उतरतो.

विमानाचे उड्डाण जेमतेम सव्वा तासाचे. मात्र विमानतळ गाठणे, दोन तास आधीची हजेरी, सामानाची प्रतीक्षा आणि शार्ल द गोल विमानतळापासून शहरापर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर अंतर जमेस धरले, तर पाच तास सहज जातात. स्वस्त विमाने पुष्कळदा दूरच्या विमानतळावर उतरतात. ‘पॅरिस’ म्हणून ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे.

भाडे आणि सामान

दोन्हींचे दर मागणीनुसार बदलतात व प्रवासाची तारीख जवळ येईल तसे सहसा चढतात. स्वस्त विमानाच्या तिकिटात बहुधा लहान पिशवीच समाविष्ट असते. मोठ्या बॅगेचे शुल्क वेगळे. युरोस्टारच्या साध्या तिकिटावर दोन बॅगा आणि एक हातपिशवी नेता येते. द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादाही नाही. म्हणून बॅगेचे शुल्क व विमानतळापर्यंतचे येण्याजाण्याचे भाडे मिळवूनच तुलना करावी.

व्हिसाची अट

ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. भारतीय पारपत्रधारकास स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो आणि पाहुणा म्हणून आलेल्याने तो भारतातून निघण्यापूर्वीच काढलेला बरा. रेल्वेने गेल्यास फ्रेंच अधिकारी लंडनच्या स्थानकातच कागदपत्रे तपासतात. व्हिसा नसेल तर गाडीत पाऊलही ठेवता येत नाही. उलट, युरोपातून लंडनला जाऊन पुन्हा परतायचे असल्यास एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा.

कोठे काय सोयीचे?

साधारणपणे चार तासांपर्यंतच्या प्रवासात रेल्वे सरस ठरते. पॅरिस–लियाँ सुमारे दोन तास, माद्रिद–बार्सिलोना अडीच तास आणि रोम–मिलान तीन तास, अशा मार्गांवर विमानाचा विचार क्वचितच करावा लागतो. अडीच तासांत रेल्वेने जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा फ्रान्सने प्रदूषण रोखण्यासाठी २०२३ मध्ये बंदच केल्या. लंडन–रोम किंवा पॅरिस–लिस्बन यांसारख्या लांबच्या प्रवासाला मात्र विमानच बरे. माद्रिद व लिस्बन या शेजारी राजधान्यांमध्ये थेट रेल्वेगाडी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी एक सावधगिरी. भारतात परतण्याचे विमान लंडनहून असेल, तर पॅरिसहून त्याच दिवशी निघू नये. रेल्वेचे व विमानाचे तिकीट स्वतंत्र असल्यास गाडीच्या विलंबामुळे चुकलेल्या विमानाची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही. आदल्या दिवशी लंडनला परतल्यास एका रात्रीच्या खर्चात मोठे नुकसान टळते.