खेळाडूच्या पगाराची कुळकथा

माजलगाव, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातलं एखादं पोर कुस्तीत किंवा पळण्यात चमकू लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘खेळून नोकरी लागंल का?’ ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा कोरडवाहू रानावर जगणाऱ्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. खेळाच्या जोरावर मिळणाऱ्या या नोकरीचं कूळ शोधत गेलं, तर वाट ग्लासगोच्या पाथरवटांपर्यंत जाते.

फर्गस सूटर हा 1857 साली जन्मलेला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा पाथरवट. 1878 मध्ये तो इंग्लंडच्या लँकेशरमधल्या डार्वेन या गिरणगावात फुटबॉल खेळायला आला. इंग्लंडचा दगड फार कठीण, म्हणून त्यानं टाकी-हातोडा सोडला असं सांगतात. मात्र त्याचं पोट फुटबॉलवर चालतंय हे सगळं गाव ओळखून होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये चेंडू एकट्यानं पळवत नेण्याची रीत होती, तर स्कॉटिश खेळाडू तो एकमेकांकडे देत पुढे सरकत. ही विद्या गिरण्यांच्या गावांना हवी होती. 1879 च्या एफए कप स्पर्धेत डार्वेनची गाठ ओल्ड इटोनियन्स या बड्या घरच्या संघाशी पडली. 5-1 असे मागे पडूनही डार्वेनच्या खेळाडूंनी 5-5 अशी बरोबरी साधली. निकाल लागेपर्यंत तीन सामने झाले, तिन्ही लंडनला. त्या प्रवासाचा खर्च गावानं वर्गणी काढून उभा केला.

1880 मध्ये सूटर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला आणि पुढे 1884, 1885 व 1886 असे सलग तीन कप त्यानं जिंकले. पैसे घेऊन खेळणं मात्र नियमाला मंजूर नव्हतं. त्यामुळे क्लब आडमार्ग शोधत. प्रेस्टनच्या क्लबानं खेळाडूंना गिरण्यांत कामं लावून दिली होती. 1884 मध्ये तक्रार झाली तेव्हा क्लबचे चालक विल्यम सडेल यांनी ते उघडपणे कबूल केलं. अखेर 20 जुलै 1885 रोजी इंग्लंडमध्ये पगारी फुटबॉलला मान्यता मिळाली. स्कॉटलंडनं ती 1893 मध्ये दिली. हौसेखातर खेळावं हा नियम कानाला गोड लागतो. पण आठवडाभर गिरणीत राबणाऱ्यासाठी त्याचा अर्थ ‘तू खेळू नकोस’ एवढाच होता.

आपल्या मातीत पैलवानाला पोसणं कधीच लाजिरवाणं नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, आश्रय दिला आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं केलं. गावोगावच्या यात्रेत आजही कुस्ती इनामावर लागते. पगाराचा प्रश्न इथे अवघड झाला तो साहेबाच्या खेळात, म्हणजे क्रिकेटमध्ये.

त्या खेळातलं आपलं पहिलं मोठं नाव म्हणजे पालवणकर बाळू. 1876 साली धारवाडला जन्मलेला, चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर फिरवण्याचं काम महिना 3 रुपयांवर करी. 1892 मध्ये तो पूना जिमखान्यात 4 रुपयांवर लागला. तिथे तो नेट्समध्ये साहेबांना गोलंदाजी करी. आपल्याला बाद केल्यावर त्यांतले कॅप्टन ग्रेग दरवेळी 8 आणे देत, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, रोजच्या त्या शेकडो चेंडूंतून एक महान डावखुरा फिरकी गोलंदाज घडला हे नक्की.

पुण्याच्या हिंदू संघानं त्याला घेतलं, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात दिला. पुढे मुंबईत बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं त्याला नोकरी दिली आणि आपल्या संघात खेळवलं. प्रेस्टनच्या गिरणीची रीत अशी मुंबईच्या रेल्वेतही दिसली. 1906 मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला हरवलं, त्यात बाळूचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं सगळ्या सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे त्याला कधी मिळालं नाही. 1923 मध्ये ते त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे आलं. पगारानं मैदानाचं दार उघडलं. मानाचं दार भांडून उघडावं लागलं.

पुढचे धागे आपल्या ओळखीचे आहेत. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव 1955 मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. महाराष्ट्रानं 2005 मध्ये सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आणलं. बीड जिल्ह्यातच पाहा: पाटोद्याचे राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि सैन्यात असतानाच स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले.

या दोघांच्या वाटांतला फरक नीट पाहावा. आवारेंना हुद्दा पदकानंतर मिळाला. साबळेंचा पगार पदकाच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. सूटर आणि बाळू यांनाही पैसा नाव होण्याआधी मिळाला, आणि त्या पैशावरच ते घडले. आपली व्यवस्था आज मुख्यतः पदक आणणाऱ्याला बक्षीस देते. माजलगावच्या सोळा वर्षांच्या पोराला मात्र खुराक, बूट आणि वस्ताद आत्ता लागतात, पदकाआधी. तालुक्याच्या पातळीवर, घडण्याच्या वयात, दरमहा हाती पडेल असं मानधन सुरू झालं पाहिजे. ते मागताना कुणीही संकोचू नये. पोट भरलेल्यांनाच खेळता येईल असा नियम एकदा मोडून झाला आहे. तो मागच्या दारानं परत येऊ द्यायचा नाही.