जुन्या मोटारींतील इंजिन-शीतन व तापमापक काटा : दोषनिदान (यवतमाळ जिल्हा)

कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरील तापमापकाचा काटा चढू लागला, की दोन शक्यता असतात : इंजिन खरोखर तापले आहे किंवा काटा खोटे सांगतो आहे. या दोहोंची फारकत करणे ही निदानाची पहिली पायरी होय. ती वगळून थेट रेडिएटर, पंप किंवा थर्मोस्टॅट बदलण्याची घाई केल्यास खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. यवतमाळ जिल्ह्यातील कडक उन्हाळा व कूपनलिकांचे जड पाणी यांमुळे हा विषय येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

व्याप्ती. एमएच-२९ क्रमांकाच्या या जिल्ह्यात जपल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचे स्वरूप उर्वरित महाराष्ट्रासारखेच आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातील फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी (१,०८९ घ. सेंमी.), हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर (१,४८९ घ. सेंमी.चे इंजिन दीर्घकाळ, उत्पादन २०१४ मध्ये बंद) आणि महिंद्राची जीप या त्यांपैकी प्रमुख होत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या व मूळ बांधणीत मोठा फेरफार न केलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. मूळ भाग टिकवण्याला त्यामुळे अधिक मोल आले असून, भाग बदलण्याआधी तो खरोखर बिघडला आहे का, हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

शीतनाची रचना. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये व हेडमध्ये सिलिंडरभोवती पाण्याच्या वाटा असतात. फॅनबेल्टवर फिरणारा वॉटर पंप पाणी खेळते ठेवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारणतः ८० अंश से.च्या आसपास गेले, की ती उघडतो. तापलेले पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येते, तांब्या-पितळेच्या नळ्यांतून उतरताना निवते व खालच्या पाइपने परत जाते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीवरील यवतमाळ शहरात उघड्या भांड्यातील पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आत दाब राखते. दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे झाकण उत्कलनबिंदू सुमारे ११ ते १२ अंशांनी वाढवते. झाकणाचे रबर कडक झाले, की ही सवलत जाते आणि एरवी निर्दोष असलेली गाडीही पाणी बाहेर टाकते.

स्थानिक परिस्थिती. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश व हवा २५ अंश असताना हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४४ अंशांवर गेली, की तो ४६ अंशांवर येतो, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. डिसेंबरात न जाणवणारा दोष मे महिन्यात पांढरकवडा किंवा वणीच्या रस्त्यावर उघडा पडतो, त्याचे कारण हेच. गाडी उन्हाळ्यात बिघडलेली नसते. तिच्यातील राखीव क्षमता आधीच संपलेली असते.

दुसरा घटक पाण्याचा. जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसाल्ट, तर वणी-मुकुटबन भागात चुनखडक आहे. अशा खडकांत मुरलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अनेक ठिकाणी भरपूर असतात. असे पाणी तापले, की क्षार वेगळे होऊन इंजिनाच्या आतल्या भिंतींवर व रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ३९०, बिडाची ५० च्या आसपास, तर या चुन्याच्या थराची जेमतेम २ ते ३ वॅट प्रतिमीटर-अंश असते. म्हणून पातळ थरही घातक ठरतो. वाटेत मिळेल त्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिल्यास दर वेळी नवे क्षार आत जातात.

तिसरा घटक धूळ व कापूस. वेचणीच्या हंगामात उडणारे तंतू, वाळका पाला व किडे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत अडकून हवेची वाट बुजवतात. पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूने पुढे मारल्यास ही घाण निघते. पुढून मारल्यास ती अधिक आत बसते.

तापमापकाचे प्रकार व त्यांचे दोष. सर्वांत जुना प्रकार यांत्रिक आहे. इंजिनात बसवलेल्या बल्बमध्ये ईथरसारखा बाष्पनशील द्रव असतो. त्याचा दाब बारीक तांब्याच्या नळीतून डॅशबोर्डपर्यंत पोहोचून काटा हलवतो. नळी मोडली वा तिला चीर गेली, की काटा थंडावरच पडून राहतो. विजेशी त्याचा संबंध नसल्याने वायर तपासण्यात अर्थ नसतो.

विद्युत प्रकारात इंजिनावर सेंडर असतो. उष्णता वाढली, की त्याचा रोध कमी होतो व काटा चढतो. बहुतेक गाड्यांत त्याची चाचणी सोपी आहे : इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढल्यास काटा थंडाकडे पडला पाहिजे आणि ती वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवल्यास तो पूर्ण गरमकडे गेला पाहिजे. दोन्ही घडले तर वायर व मापक ठीक असून सेंडर संशयास्पद ठरतो. सेंडरच्या आट्यांना भरपूर टेप गुंडाळल्यास अर्थ तुटतो व काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. दुसऱ्या गाडीचा सेंडर आट्यांत बसला, तरी त्याचा रोध वेगळा असल्यास काटा कायम चुकतो.

काही गाड्यांत पेट्रोल व तापमान या दोन्ही मापकांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. दोन्ही काटे एकाच वेळी वर चढले, तर आधी हा स्टॅबिलायझर व त्याचे अर्थिंग तपासावे.

सर्वांत धोक्याची स्थिती उलट असते. पाणी इतके उतरले, की सेंडर कोरडा पडला, तर काटा खाली येतो आणि चालकाला गाडी निवल्यासारखी वाटते. चढलेला काटा अचानक पडला, तर गाडी लगेच थांबवावी.

प्रत्यक्ष मोजमाप. काट्याची साक्ष दुसऱ्या साधनाने पडताळावी. इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी उपयोगी आहे; मात्र चकाकत्या धातूवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या रंगाचा ठिपका देऊन तेथे मोजावे. मग रेडिएटरचा पृष्ठभाग भागाभागाने मोजावा : मध्येच थंड लागणारा पट्टा म्हणजे चोक झालेल्या नळ्या. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगावा व पाणी तापवत थर्मामीटरवर तो कधी उघडतो, हे पाहावे.

लक्षणांवरून निदान. गाडी *केव्हा* तापते, या प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते.

बाजारात, फाटकाशी किंवा संथ चालताना तापते, पण वेग घेतल्यावर निवते : दोष हवेचा. सैल फॅनबेल्ट, उलटा बसवलेला पंखा, पंख्याभोवतालचा गहाळ झालेला पत्रा वा बुजलेला रेडिएटर पाहावा.

संथ असताना ठीक, पण महामार्गावर किंवा चढावर तापते : दोष पाण्याच्या प्रवाहाचा. क्षारांनी भरलेल्या नळ्या, गंजून झिजलेले पंपाचे पाते, वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज ही कारणे. मागे पडलेले इग्निशन टायमिंग, पातळ मिश्रण व चिकटणारे ब्रेकही येथेच तपासावेत. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरचे जेट तेच ठेवल्यास मिश्रण पातळ होते, हेही ध्यानात घ्यावे.

सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, पाणी कमी होणे, धुराड्यातून पांढरी वाफ किंवा तेल दुधाळ होणे : हेड गॅस्केट गेल्याची खूण. कॉम्प्रेशन चाचणीने, तसेच निळा द्रव ज्वलनवायूंमुळे पिवळा पडतो का, या चाचणीने खात्री करावी.

पाणी नुकतेच बदलल्यावर तापते : आत हवा अडकलेली असते. गाडीचे नाक उंचावर ठेवून, झाकण काढून, थंड इंजिन सुरू करून हवा निघू द्यावी.

इंजिन बंद केल्यावर काटा काही वेळ चढतो : ब्लॉकमधील साठलेली उष्णता थांबलेल्या पाण्यात येते, हे स्वाभाविक आहे. याच वेळी गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर बहुधा पेट्रोलची वाफ पंपात अडलेली असते. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय येथे लागू पडतो. हा शीतनाचा दोष नव्हे.

उपाय व गैरसमज. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत गॅरेजांत रूढ आहे. चोक झालेला रेडिएटर त्याने दुरुस्त होत नाही. उलट हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त लागते व सिलिंडर झिजतात. अडकलेला थर्मोस्टॅट योग्य अंशांच्या नव्याने बदलावा.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरचा मोठा गुण म्हणजे तो दुरुस्त होतो. वरची टाकी सुटी करून नळ्यांतून सळई फिरवता येते व पुन्हा झाळता येते. हे कसब असलेला कारागीर जवळपास असेल, तर मूळ रेडिएटर फेकू नये. क्षार काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरू नये. पद्मिनीसारख्या ॲल्युमिनियमच्या हेडला ते खाते.

पुढे भरायचे पाणी क्षारविरहित असावे व त्यात गंजरोधक कूलंट असावा. समप्रमाणातील ग्लायकॉलचे मिश्रण उघड्यावरही सुमारे १०७ अंशांना उकळते. झाळकाम असलेल्या जुन्या रेडिएटरला चालणारा कूलंट कोणता, हे डब्यावर वाचून घ्यावे.

सुरक्षितता. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून गंभीर भाजते. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉकला तडा जातो. इंजिन निवू द्यावे, मग ते सुरू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे.

नोंदी. गाडी निर्दोष असतानाचे तिचे नेहमीचे तापमान, काट्याची जागा, बाहेरची हवा व पाणी भरल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. सुट्या भागांची टंचाई असलेल्या गाडीसाठी ही वही सर्वांत स्वस्त व सर्वांत विश्वासू निदानसाधन आहे : बिघाड झाल्यावर तुलना करायला काही असेल, तरच मोजमापाला अर्थ येतो.