बोनेअर: राखलेला समुद्र

१९४३ सालीं कूस्तो व गान्याँ या फ्रेंच जोडीनें पाण्याखालीं मोकळेपणें श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि समुद्रतळ सामान्य माणसास खुला झाला. पण त्याच्या पाठोपाठ पाण्याखालीं भाल्यानें मासे मारण्याचा छंदहि फोफावला. कॅरिबियन समुद्रांतील बोनेअर या डच बेटानें १९७१ सालीं ही शिकार बंद केली. १९७९ सालीं भोंवतालचा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित उद्यान ठरविला. आज १० वर्षांच्या शिकाऊ मुलास १२ मीटरपर्यंतच, तेंहि प्रशिक्षित पालकाच्या वा शिक्षकाच्या सोबतीनें, उतरतां येतें. बोनेअरची प्रवाळभित्ति किनाऱ्यालगतच असल्यानें एवढ्या मर्यादेंतहि तिचें वैभव त्याला दिसतें. म्हणून सहलीचें स्थळ निवडतांना आईबापांनीं तेथें किती खोल जातां येईल यापेक्षां समुद्र किती राखला आहे, हें आधीं पाहावें.