मदतनिधीची मैफल आणि तिचा चित्रपट : ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चे महाराष्ट्रातून अवलोकन

प्रस्तावना

हडपसर परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला रॉक संगीताची मैफल ही आता परकी गोष्ट राहिलेली नाही. २०१० च्या दशकात येथील अमानोरा पार्क टाउनच्या मैदानावर ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव भरत असे आणि सोलापूर रस्त्यावरील वाहतुकीला त्याची जाणीव चांगलीच होत असे. तिकीट काढावे, आवडते कलावंत ऐकावेत आणि घरी परतावे, असा तो सरळ व्यवहार होता. अशा विद्यार्थ्यापुढे वर्गातील पडद्यावर १९७२ सालचा ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ हा चित्रपट लावला, तर संगीताविषयी त्याला फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही. परंतु एक प्रश्न तो विचारल्याशिवाय राहणार नाही, तो म्हणजे जमलेल्या पैशाचे पुढे काय झाले? या साध्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात मिळत नाही. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला असून, मदतनिधीसाठी नामवंत कलावंतांनी एकत्र येण्याची जी परंपरा महाराष्ट्रात त्यापूर्वीच रुजली होती, तिच्या शेजारी तो ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पडद्यावरील मैफल

१२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानच्या किनारपट्टीवर हाहाकार उडविला. त्यातून सावरण्यापूर्वीच २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी दडपशाहीला प्रारंभ झाला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पंडित रविशंकर यांचे मूळ घराणे पूर्व बंगालमधील जेसोर जिल्ह्याचे, तर त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ आणि गुरुबंधू उस्ताद अली अकबर खाँ यांचे जन्मगाव तत्कालीन कोमिल्ला परिसरातले. त्यामुळे वृत्तपत्रांत येणारी गावांची नावे त्यांच्यासाठी केवळ नकाशावरची नव्हती. रविशंकर यांनी आपली व्यथा शिष्य व मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्यापाशी बोलून दाखविली. स्वतःच्या एखाद्या मैफलीतून काही हजार डॉलर उभे करावेत, एवढाच त्यांचा मूळ विचार होता. हॅरिसन यांनी अवघ्या काही आठवड्यांत त्याचे स्वरूप पालटून टाकले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी व रात्री असे दोन प्रयोग झाले आणि दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते उपस्थित राहिले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन अशी मंडळी एका मंचावर आली.

सॉल स्विमर दिग्दर्शित चित्रपट २३ मार्च १९७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. ही तारीख इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेने बांगलादेशाला मान्यता दिली ती ४ एप्रिल १९७२ रोजी. म्हणजे ज्या राष्ट्राचे अस्तित्व अमेरिकी शासनाच्या लेखी अद्याप नव्हते, त्याचे नाव न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर आधी झळकले. निक्सन प्रशासनाचा कल पाकिस्तानकडे असताना घडलेली ही गोष्ट राजनैतिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदविली जाते.

चित्रपटातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग प्रारंभीचाच आहे. रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती असे चौघे वाद्ये जुळवितात. जुळवणी थांबताच सभागृह टाळ्यांचा कडकडाट करते. जुळवणीच एवढी आवडली असेल तर पुढचे वादन अधिक आवडावे, अशा आशयाचे मिस्कील उद्गार रविशंकर काढतात आणि मग ‘बांगला धून’ सुरू होते. हा प्रसंग आपल्याकडे पाश्चात्त्य श्रोत्यांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून चवीने सांगितला जातो. सवाई गंधर्व महोत्सवात तानपुरे लागण्याची वाट पाहत बसण्याची सवय असलेल्या पुणेकराला त्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि या विनोदावर वाजवीपेक्षा अधिक भर दिला गेला आहे. त्याच श्रोतृवर्गाने पुढे शांतपणे वादन ऐकले, ही बाब अधिक महत्त्वाची मानावयास हवी. कार्यक्रमाचा विषय ज्या भूमीचा होता, त्या भूमीची लोकधून प्रथम वाजली आणि रॉक संगीत त्यामागून आले, हा क्रम आयोजकांनी जाणीवपूर्वक ठेवला होता.

चित्रपटाचा बहुतेक सर्व वेळ मंचावर जातो. प्रत्यक्ष कार्यक्रमात भारतीय संगीतानंतर निर्वासितांच्या हालअपेष्टांचे चित्रण श्रोत्यांना दाखविण्यात आले होते. परंतु कॅमेऱ्याला मुख्य आस्था होती ती कलावंतांची. दान देणारा दिसतो, ज्याला दान द्यावयाचे तो जवळजवळ दिसत नाही. ही मर्यादा एकट्या स्विमर यांची नसून या साऱ्या चित्रपटप्रकाराचीच होय.

‘संयुक्त मानापमान’ : न चित्रित झालेला प्रयोग

रॉक संगीताच्या इतिहासलेखनात न्यूयॉर्कचा हा कार्यक्रम बहुतारकांकित मदतमैफलींचा आरंभ मानला जातो. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’पर्यंतची वंशावळ तेथूनच मांडण्याचा प्रघात आहे. त्या संगीतापुरते ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रातून पाहणाऱ्यास याच्या पन्नास वर्षे आधीच्या एका रात्रीचे स्मरण व्हावयास हवे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत. दोन्ही मंडळ्या व्यवसायात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. त्यांचे चाहतेही दोन तटांत विभागलेले. हे दोन गायक नट एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकिटे चढ्या दराने विकली गेली आणि उत्पन्न निधीस देण्यात आले. ‘मानापमान’चे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तील टिळकांचे सहकारी होते, तेव्हा नाटकाची निवडही अर्थपूर्ण ठरते. निर्धन परंतु शूर सेनापतीला तुच्छ लेखणाऱ्या धनिककन्येची ही कथा निधी गोळा करण्यासाठी चढ्या तिकिटावर व्हावी, यातील गंमत प्रेक्षागृहातील धनिकांच्या लक्षात आली असेल किंवा नसेलही. या प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले.

या प्रयोगाचे चित्रण नाही. बोलपट येण्यास अद्याप दहा वर्षे होती. बालगंधर्व पुढे पुण्यातील प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटात एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले, पण ते वेगळे वय आणि वेगळे माध्यम होते. केशवरावांच्या वाट्याला बोलपट आलाच नाही. ‘संयुक्त मानापमान’ आज उरले आहे ते आठवणी, वृत्ते आणि ऐकीव कथा यांच्या रूपाने. त्या कथाही बव्हंशी एकाच प्रश्नाभोवती फिरतात : त्या रात्री कोण सरस ठरले? स्वराज्य फंडाचा उल्लेख त्यांत येतो, मात्र एखाद्या तळटीपेसारखा. चित्रफीत असो वा नसो, लोकस्मृतीने दोन्ही ठिकाणी कलावंत राखून ठेवले आणि प्रयोजन बाजूला सारले, असे म्हणावे लागते.

येथे तारखांचा एक योगायोग नोंदविण्यास हरकत नाही. ज्यांच्या नावाचा हा निधी होता त्या लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० चे. त्याच दिवशी वाटेगावी अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. न्यूयॉर्कची मैफलही १ ऑगस्टचीच. योगायोगापलीकडे त्यातून अर्थ काढू नये. मात्र अण्णाभाऊंचे नाव या विषयात केवळ तारखेमुळे येत नाही.

बंगालची हाक, मुंबईतून

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळात, सामान्यतः स्वीकारल्या जाणाऱ्या अंदाजानुसार, तीस लाखांच्या आसपास माणसे दगावली. त्या वेळी भारतीय जननाट्य संघाचे, म्हणजेच इप्टाचे, बंगालमधील पथक गाणी व नृत्यनाट्ये घेऊन देशभर फिरले आणि मुंबईतही दुष्काळनिधीसाठी त्याने कार्यक्रम केले. याच काळात अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक गिरणगावातील कामगारांपुढे उभे राहत होते. बंगालचा दुष्काळ हा आपलाही प्रश्न आहे, ही जाणीव मराठी श्रमिकाला डफाच्या तालावर करून दिली गेली. तेथे तारांकित नामावळ नव्हती. श्रोता आणि शाहीर यांच्या राहणीत फारसे अंतर नव्हते, आणि देणारा हात स्वतःही रिकामाच होता.

त्याच चळवळीच्या मुंबईतील मध्यवर्ती पथकात १९४० च्या दशकाच्या मध्यास एक तरुण सतारवादक संगीतकार म्हणून दाखल झाला. ते रविशंकर होत. बंगालच्या दुष्काळावर आधारित, ख्वाजा अहमद अब्बास दिग्दर्शित ‘धरती के लाल’ (१९४६) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. बंगालवरील आपत्ती, कलावंतांनी करावयाचे आवाहन आणि चित्रपट हे तीनही दुवे त्यांच्या आयुष्यात १९७१ पूर्वी पंचवीस वर्षे जोडले गेले होते, आणि ते मुंबईत. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाची प्रेरणा थेट इप्टात शोधणे धाडसाचे ठरेल. परंतु मित्राने मदत मागितली आणि पाश्चात्त्य ताऱ्याने ती केली, एवढ्यावरच ही कथा संपविणेही एकांगी आहे. मदत मागणाऱ्याजवळ अशा कामाचा स्वतःचा अनुभव होता. मंचावरील चार भारतीय कलावंतांकडे पाहताना हा संदर्भ मनात नसेल, तर ते केवळ प्रारंभीचा शोभेचा भाग वाटू लागतात. अनेक परदेशी समीक्षणांत त्यांच्या वाट्याला हीच जागा आली आहे.

युद्ध संपल्यानंतर सुनील दत्त यांच्या कलापथकाबरोबर लता मंगेशकर बांगलादेशात गेल्या आणि तेथे त्यांनी कार्यक्रम केले. आपत्तीच्या स्थळी जाऊन गाणे आणि आपत्तीपासून हजारो मैल दूर निधीसाठी गाणे, या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीची चित्रफीत जगभर फिरली नाही.

पैशाचा प्रवास

मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या तिकीटविक्रीतून आलेले २,४३,४१८ डॉलर व ५० सेंट त्याच ऑगस्ट महिन्यात युनिसेफच्या स्वाधीन करण्यात आले. इथवर हिशेब स्वच्छ होता. पुढील मोठी रक्कम तीन तबकड्यांचा ध्वनिमुद्रिकासंच आणि चित्रपट यांतून येणार होती, व अडचण तेथे उद्भवली. कार्यक्रमापूर्वी करमुक्त धर्मादाय निधी म्हणून आवश्यक ती नोंदणी झालेली नव्हती. परिणामी अमेरिकी करखात्याने उत्पन्नावर हक्क सांगितला. १९७२ मध्ये तपासणी सुरू होण्यापूर्वी सुमारे २० लाख डॉलर निर्वासितांसाठी पोहोचले होते. त्यापुढचे ८८ लाख डॉलर मोकळे झाले ते १९८१ मध्ये. ब्रिटनमधील कराच्या मागणीपोटी हॅरिसन यांना १९७३ मध्ये दहा लाख पौंडांचा धनादेश स्वतः द्यावा लागला.

भारतात आलेले बहुसंख्य निर्वासित १९७२ च्या आरंभीच्या महिन्यांतच मायदेशी परतले होते. ज्यांच्यासाठी मैफल झाली त्यांतील एखादे तान्हे मूल, मोठी रक्कम पोहोचली तेव्हा दहा वर्षांचे झालेले होते. युनिसेफने त्या पैशाचा उपयोग बालकांसाठीच केला, तेव्हा तो वाया गेला असे म्हणता येणार नाही. मात्र तातडीची मदत या शब्दाला त्यात अर्थ उरला नाही. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कमी पडला तो पूर्वतयारीचा कागद. महाविद्यालयांतून पूरग्रस्त वा भूकंपग्रस्त निधीसाठी कार्यक्रम करणाऱ्या प्राध्यापकांना या उणिवेचे मर्म वेगळे सांगावयास नको.

याच काळात प्रत्यक्ष निर्वासितांच्या अन्नवस्त्राचा भार मुख्यतः भारताच्या तिजोरीवर होता. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य आकार सुरू झाला. प्रारंभी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ ही अक्षरे अधिक छापून काम भागविण्यात आले. पुढे निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयातून आले. रेल्वेच्या भाड्यावर आणि देशांतर्गत विमानप्रवासावरही कर बसला. हडपसरहून गावी पत्र धाडणाऱ्याने, रेल्वेने सोलापूरला जाणाऱ्याने, हा वाटा उचलला. त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. आपण कोणाला काही दिले याची आठवणही त्यांतील बहुतेकांना राहिली नसावी. १९७३ च्या निर्वासित साहाय्य कर निरसन अधिनियमाने हे आकार रद्द झाले आणि ते तिकीट जुन्या पाकिटांच्या कोपऱ्यावर, मूळ तिकिटाच्या शेजारी, चिकटलेले राहून गेले.