सालोमालोचा प्रश्न
पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा संतपट खरा. पण गाणे कोणाच्या मालकीचे, हाही त्याचा विषय आहे. त्यातला सालोमालो तुकारामांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. केशवराव भोळे यांच्या संगीतात हा भेद कानांनाच कळतो : विष्णुपंत पागनीसांचे गाणे भजनाच्या ओघात येते, सालोमालोचे नाटकी ढंगाने. गंमत अशी, की चित्रपटातले अतिशय गाजलेले ‘आधी बीज एकले’ हे पद तुकारामांचे नाहीच. ते शांताराम आठवले यांनी लिहिले. अनेकांनी मात्र ते गाथेतलेच मानले. सालोमालोच्या लबाडीची ही उलट बाजू. येथे लबाडी कोणाचीच नाही, तरी हयात कवीचे कर्तृत्व संताच्या खाती जमा झाले. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले पागनीसही पुढे तुकाराम म्हणूनच ओळखले गेले.