तद्विद्यसंभाषा

वैद्याने ज्ञान कसे मिळवावे, याचे तीन उपाय चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिले दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा उपाय म्हणजे एकच विद्या शिकणाऱ्यांनी समोरासमोर बसून केलेली चर्चा. तिचेही दोन प्रकार सांगितले आहेत. स्नेहभावाने होते ती संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी होते ती विगृह्य संभाषा. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरातल्या विद्यार्थ्यांनी चरकाचे नावही ऐकले नसेल. पण हे दोन्ही प्रकार त्यांच्या एकाच सभेत पाहावयास मिळतात.

एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकाची शाखा १७२६ साली सुरू झाली. शरीरशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर मन्रो हे नामांकित होते. पण विच्छेदनासाठी देह मिळणे फार कठीण. देह चोरले जातात या संशयाने १७२५ साली शहरात लोकक्षोभ उसळला होता. अशा काळात, १७३४ साली, तापाने मरण पावलेल्या एका तरुणीचा देह सहा विद्यार्थ्यांना मिळाला. मन्रोंनी त्यांना आपली विच्छेदनशाळा वापरू दिली. जवळजवळ महिनाभर ते सहाजण एकमेकांना दाखवीत, विचारीत, चुका सुधारीत शिकले. काम संपल्यावर त्यांना वाटले, हा क्रम मोडू नये. मग दर पंधरवड्याला कोणाच्या तरी बिऱ्हाडी जमायचे, एकाने इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये निबंध वाचायचा आणि इतरांच्या आक्षेपांना उत्तरे द्यायची, असे ठरले. या बैठकींतूनच १७३७ साली विद्यार्थ्यांची मेडिकल सोसायटी उभी राहिली.

प्रारंभीच्या सभासदांत विल्यम कलन होते. पुढे ते तेथेच मोठे प्राध्यापक झाले. १७७५ साली सोसायटीच्या सभागृहाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली आणि १७७८ साली सोसायटीला राजाची सनद मिळाली.

पण त्याच सभागृहात कलन यांच्या मतांवर हल्ला सुरू झाला. हल्ला करणारे जॉन ब्राउन हे एके काळी कलन यांच्या मुलांचे शिक्षक, त्यांच्याच आश्रयाने वाढलेले. बहुतेक रोग अशक्तपणाचे. त्यांवर मद्य आणि अफू द्यावी, असे ब्राउन म्हणत. स्वतःच्या संधिरोगावरही ते हाच उपाय करीत. तरुणांना ही सोपी, धीट मांडणी आवडली. त्यांनी ब्राउन यांना १७७६ आणि १७८० साली अध्यक्ष निवडले. दोन तट पडले. वाद इतके पेटले की, चर्चेवरून जो दुसऱ्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान देईल त्याला काढून टाकावे, असा नियम करावा लागला!

अखेर जिंकले कोण? कोणीच नाही. आजच्या वैद्यकात कलन यांची रोगमीमांसाही उरली नाही आणि ब्राउन यांचीही. मग सहाजणांची चर्चा फळली आणि दोन तटांची का फळली नाही? माझ्या मते कारण साधे आहे. सहाजणांच्या मध्ये एक देह होता. नस कोठून कोठे जाते याविषयी मतभेद झाला, तर पुन्हा वाकून पाहता येत होते. ब्राउनच्या काळच्या वादात मध्ये केवळ सिद्धांत होता. कोणत्या औषधाने किती रोगी बरे झाले आणि किती दगावले, हे मोजून समोर ठेवण्याची रीत तेव्हा रुजलेली नव्हती. मोजमाप नसले की आवाज मोठा होतो.

विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवावे, यात शंका नाही. ती सोसायटी आजही विद्यार्थीच चालवितात. परंतु मित्राने मित्राला शिकविलेली चूकही तितक्याच प्रेमाने पसरते. तिला आळा घालतो तो दोघांच्या मधला पुरावा.

त्या सहा विद्यार्थ्यांची नावे सोसायटीच्या इतिहासात आहेत. ती तरुणी मात्र अनामिकच राहिली. त्या सर्वांची पहिली गुरू तीच होती, एवढे आपण लक्षात ठेवू या.