लहान शिडनौकेवरील उपकरणांची निवड

लहान शिडनौकेवरील उपकरणांची निवड म्हणजे किनारी प्रवास व मुक्काम यांसाठी वापरल्या जाणाऱ्या, साधारणतः ८ ते १२ मीटर लांबीच्या नौकेवर कोणती नवी साधने बसवावीत, कोणती जुनी बदलावीत आणि कोणती टाळावीत याचा विचार होय. किमतीइतकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व चार घटकांना असते : नौकेवरील वीज, जागा, खाऱ्या हवेतील टिकाऊपणा आणि साधन बंद पडल्यास हाती उरणारा पर्याय. योग्य साधन प्रदेशानुसारही बदलते. रायगड जिल्ह्यातील नागावचा किनारा हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

नागाव परिसरातील परिस्थिती

नागाव हे अलिबाग तालुक्यातील गाव आक्षी आणि चौल-रेवदंडा यांच्या दरम्यान वसले आहे. येथील किनारा उघडा, वालुकामय व मंद उताराचा असून ओहोटीला पाणी दूरवर ओसरते. त्यामुळे नौकेला किनाऱ्यापासून अंतर राखून नांगरावे लागते किंवा दक्षिणेस कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या रेवदंड्याच्या खाडीचा आसरा घ्यावा लागतो. मुंबई बंदरातून निघालेली नौका खांदेरी-उंदेरी बेटांवरून सुमारे २० सागरी मैलांचा प्रवास करून येथे पोहोचते. ऑक्टोबर ते मे या हंगामात दुपारनंतर बहुधा वायव्येचा वारा असतो. जाताना तो अनुकूल व परतताना प्रतिकूल ठरतो; म्हणून परतीसाठी इंजिन भरवशाचे असणे आवश्यक असते. पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढली जाते आणि दुरुस्तीची बहुतेक कामे त्याच काळात होतात.

नांगर व दोर

या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत ४ मीटर किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो. नांगराचा दोर व साखळी मिळून पाण्याची खोली आणि नाळेची उंची यांच्या बेरजेच्या किमान पाचपट लांबी सोडावी, असा संकेत आहे. ओहोटीच्या ३ मीटर खोलीत १ मीटर उंच नाळेच्या नौकेने २० मीटर दोर सोडला, तर भरतीला खोली ७ मीटर होते आणि ४० मीटरची गरज भासते. दोर अपुरा असल्यास नांगर घसरतो व झोपेतील माणसांसह नौका किनाऱ्याकडे वाहत जाते. म्हणून मोठा नांगर, साखळी व लांब दोर यांवरील खर्च कोणत्याही विद्युत साधनाच्या आधी येतो.

विजेचा हिशेब

१०० अँपिअर-तास क्षमतेच्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मी, म्हणजे ५० अँपिअर-तास वीजच वापरणे हितावह असते. ४ अँपिअर घेणारा लहान शीतकपाट दिवसातील निम्मा वेळ चालला, तरी ४८ अँपिअर-तास खर्च होतात; म्हणजे इतर काहीही न चालवता बॅटरी संपते. मासळी उतरवण्याच्या बंदरांवर बर्फ मिळत असल्याने दोन-तीन दिवसांच्या सफरीत उष्णतारोधक बर्फपेटी अधिक व्यवहार्य ठरते. याउलट डोलकाठीवरील २५ वॉटचा जुना दिवा ११ तासांत सुमारे २२ अँपिअर-तास घेतो, तर एलईडी दिव्याला २ ते ३ पुरतात. १०० वॉटचे सौर पटल चांगल्या उन्हात दिवसाकाठी सुमारे २५ ते ३० अँपिअर-तास देते. त्यामुळे दिवे बदलणे व सौर पटल बसवणे या सुधारणा कमी खर्चात मोठा लाभ देतात.

दिशा, खोली व संपर्क

खोलीमापक यंत्र मंद उताराच्या किनाऱ्यावर विशेष उपयोगी असते. जीपीएसमुळे स्थान कळते, परंतु डोल जाळ्यांचे खुंट, तरंगते दोर किंवा दिवा नसलेली होडी त्यावर दिसत नाही. रात्री पहारा अपरिहार्य असतो. होकायंत्राला वीज लागत नाही, मात्र त्याजवळ ध्वनिक्षेपक किंवा जाड विद्युत तारा बसवल्यास सुई विचलित होते. कुलाबा येथील चुंबकीय मापन मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांमुळे अलिबागला हलवावे लागले व तेथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या, त्यामागेही हेच तत्त्व होते.

व्हीएचएफ संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरील हाक परिसरातील इतर नौकांनाही ऐकू येते. ही सोय मोबाइलमध्ये नाही. त्याचा पल्ला प्रामुख्याने अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असल्याने ती डोलकाठीच्या टोकावर बसवतात. संचासाठी परवाना लागतो. उपग्रह-दूरध्वनी भारतात पूर्वपरवानगीशिवाय वापरता येत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

अग्रक्रम

पाणी आत येऊ न देणारी, माणसाला वाचवणारी आणि नौका जागी धरणारी साधने प्रथम येतात : तळाच्या झडपा, हातपंप, जीवरक्षक जाकिटे, अग्निशामक, नांगर. त्यानंतर इंजिनाची देखभाल, दिवे, खोलीमापक व व्हीएचएफ संच येतात. स्वयंचलित सुकाणू, रडार व शीतकपाट यांचा विचार शेवटी होतो.

सुहैलीचे उदाहरण

मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’ या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. प्रवासात रेडिओ बंद पडला आणि वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणूही मोडले. शिडांचा तोल साधून नौका सरळ मार्गावर ठेवता येत असल्याने प्रवास पूर्ण झाला. मोडल्यानंतरही ज्याचे काम हाताने निभावता येते, अशाच साधनावर लहान नौकेने विसंबावे, हे त्यातून दिसते.